नसलेला पाय, असलेले दुखणे : मिचेल आणि गिलमन यांच्या दोन कथा

शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) ही कथा स्त्रीवादी समीक्षेने प्रामुख्याने विवाहसंस्थेतील बंदिवासाचे रूपक म्हणून वाचली आहे. या वाचनात एक गोष्ट बाजूला पडते. कथेत ज्यांचा नावानिशी उल्लेख येतो ते फिलाडेल्फियाचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. सायलस वेअर मिचेल स्वतः कथाकार होते. आणि मज्जाविकाराच्या रुग्णाने आपली हकिकत आपणच सांगावी, ही योजना गिलमन यांच्या पाव शतक आधी त्यांनी वापरली होती.

‘द केस ऑफ जॉर्ज डेडलो’ ही मिचेल यांची कथा १८६६ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त निनावी प्रसिद्ध झाली. अमेरिकन यादवी युद्धात हातपाय गमावलेला एक सहायक शल्यचिकित्सक तीत स्वतःच्या नसलेल्या अवयवांच्या संवेदना वर्णन करतो. कित्येक वाचकांना ती सत्यकथा वाटली. डेडलोसाठी पैसेही आले. अशा वेदनांना मिचेल यांनी पुढे १८७१ मध्ये ‘फँटम लिंब’ ही संज्ञा दिली. सैनिकांकडेही संशयाने पाहिले जाई, हे खरे. सोंग ओळखण्याच्या पद्धतींवर मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६४ मध्ये निबंधच लिहिला होता. परंतु त्या संशयाला परीक्षेची वाट होती. परीक्षेत उतरलेल्या सैनिकाचा शब्द पुरावा ठरे.

स्त्री-रुग्णाला ही वाट नव्हती. ‘फॅट अँड ब्लड’ (१८७७) या ग्रंथात मिचेल यांनी मांडलेला विश्रांती-उपचार, म्हणजे सक्तीचे अंथरूण, दुधाचा भरपूर आहार, मालिश, विजेचे उत्तेजन आणि एकांत, मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला आला. थकलेल्या पुरुषांना मात्र ते पश्चिमेकडील मोकळ्या मुलखात जाण्यास सुचवीत. कन्येच्या जन्मानंतर खचलेल्या गिलमन १८८७ मध्ये त्यांच्याकडे गेल्या आणि लेखणीला स्पर्श न करण्याचा सल्ला घेऊन परतल्या. (याच शहरातून आदल्या वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या.)

दोन्ही कथांचे निवेदन प्रथमपुरुषी आहे, पण त्यांतील अंतर मोठे आहे. डेडलो स्वतः डॉक्टर असल्याने त्याच्या हकिकतीला ‘केस’चा दर्जा आपोआप मिळतो. गिलमन यांची निवेदिका डॉक्टरची पत्नी आहे. ती चोरून लिहिते. तिच्या नोंदींचे तुटलेपण हे बिघडत्या मनाचे लक्षण मानणे सोपे आहे. परंतु पहिली नोंद तुटते ती जॉन येत असल्यामुळे. अर्थात, तिच्या दुखण्याला ‘प्रसूतीपश्चात नैराश्य’ असे आजचे नाव देणारा समीक्षकही नकळत जॉनच्याच खुर्चीत बसतो.

जॉन पत्नीबाबत वापरतो ते ‘हिस्टेरिया’चे निदान त्या शतकाबरोबर संपले नाही. एलियट स्लेटर यांनी लंडनच्या मज्जाविकार रुग्णालयात असे निदान झालेल्या ८५ रुग्णांचा पाठपुरावा १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील अनेकांना पुढे शारीरिक विकार आढळले होते.

मिचेल यांनी आपली पद्धत कथा वाचून बदलल्याचे आपल्या कानी आले, असे गिलमन यांनी १९१३ मध्ये लिहिले. अभ्यासकांना त्याचा आधार मिळालेला नाही. कथेची प्रत त्यांनी मिचेल यांना पाठवली होती. तिची पोचही आली नाही.