खिडकीतले झाड आणि पाऊण दिवस

निसर्गाच्या सान्निध्यात माणूस लवकर बरा होतो, असे आपण विद्यार्थ्यांना सहज सांगून जातो. या विधानाला शास्त्रीय आधार म्हणून ज्या शोधनिबंधाचा दाखला वारंवार दिला जातो, तो रॉजर उलरिख यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातून नेमके काय सिद्ध होते, हे आम्हाला तपासून पाहावेसे वाटले.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या नोंदी उलरिख यांनी अभ्यासल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर काहींतून विटांची तपकिरी भिंत. लिंग, वय, वजन, धूम्रपान इत्यादी बाबतींत सारख्या असलेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी जुळवल्या. झाडांना पाने असतात तेवढेच महिने हिशेबात धरले. शस्त्रक्रियेनंतर झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवस रुग्णालयात राहिले, तर भिंत दिसणारे ८.७० दिवस. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत झाडे दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

अभ्यासाची आखणी विचारपूर्वक केलेली आहे. नोंदी उतरवून घेणाऱ्या परिचारिकेला कोणत्या रुग्णाला काय दिसत होते, हे ठाऊक नव्हते. तरीही मर्यादा उरतातच. रुग्ण अवघे ४६, रुग्णालय एक, शस्त्रक्रिया एकच. फरक ०.७४ दिवसांचा, म्हणजे सुमारे १८ तासांचा. शिवाय मोजले ते मुक्कामाचे दिवस. जखम भरण्याचा वेग नव्हे. किरकोळ गुंतागुंतींच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. झाडांनी गुण दिला, की भिंतीने त्रास दिला? केवळ दोन दृश्यांच्या तुलनेतून याचे उत्तर मिळत नाही. खुद्द उलरिख यांनीच ही भिंत कंटाळवाणी होती, तेव्हा हा निष्कर्ष सर्व इमारतींना लावू नये, असे बजावले आहे. दीर्घकाळ कंटाळलेल्या रुग्णाला गजबजलेला रस्ताही हितकर ठरू शकेल, असेही ते म्हणतात. निबंधाचा दाखला देताना नेमकी ही सावधगिरीच गळून पडते.

ही गळती निरुपद्रवी नाही. त्या ४६ही जणांवर शस्त्रक्रिया झाली होती, त्यांना औषधे मिळत होती. झाडे होती ती उपचारांच्या जोडीला. घरी कोणी आजारी असलेल्या विद्यार्थ्याने आपल्या बोलण्यातून ‘औषधाची गरज नाही’ असा अर्थ काढला, तर दोष कोणाचा?

म्हणून हा अभ्यास वर्गात जरूर सांगावा, पण त्याच्या आकड्यांसह. नंतर विद्यार्थ्यांना विचारावे: तिसरी खोली घ्यायची झाली, तर तिच्या खिडकीतून काय दिसायला हवे, आणि का? या प्रश्नावर झालेली चर्चा ‘निसर्ग बरे करतो’ या घोषवाक्यापेक्षा त्यांना विज्ञानाच्या अधिक जवळ नेईल, असे आम्हाला वाटते.