शक आणि बदगुमानी : दोन कथांच्या निमित्ताने

दि. बा. मोकाशी यांच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेतला लोहार वारकरी आहे. त्याचा जवान मुलगा जातो आणि भक्तीचा पायाच खचतो. ज्याचे नाव जन्मभर घेतले त्याने असे का करावे, हा त्याचा सवाल आहे. सुमित्रा भावे यांचा ‘दिठी’ हा २०२१ साली आलेला अखेरचा चित्रपट याच कथेवर बेतलेला आहे. ही कथा वाचताना मला नथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाची ‘यंग गुडमन ब्राऊन’ ही १८३५ सालची कथा सतत आठवत राहते. दोन्हीकडे श्रद्धा हलते. पण दोन माणसांची वाट निराळी होते.

सेलम गावचा तरुण ब्राऊन संध्याकाळी बायकोचा निरोप घेऊन जंगलात जातो. तिच्या टोपीला गुलाबी फिती आहेत, नाव फेथ. वाटेत सापासारखी काठी घेतलेला एक इसम भेटतो. मग दिसते की, ज्या म्हातारीने लहानपणी धर्माचे पाठ शिकवले ती, गावचा पाद्री, सारेच सैतानाच्या जलशाला निघाले आहेत. वरून एक गुलाबी फीत तरंगत खाली येते आणि आपली फेथ गेली म्हणून ब्राऊन आक्रोश करतो. फेथ म्हणजे श्रद्धा. गंमत अशी की मराठीत हा श्लेष आपसूक उतरतो, कारण श्रद्धा हे आपल्याकडेही मुलीचे नाव आहे. उर्दूत ‘ईमान’ म्हटले तरी जमते. अनुवादकाला असे नशीब क्वचितच लाभते.

सकाळी मात्र फेथ दारात उभी असते, फितींसकट. जी डहाळी रात्री पेटलेली होती तिच्यावरून गार दव ठिबकलेले असते. मग ते स्वप्न होते की काय? हॉथॉर्न हा प्रश्न स्वतःच विचारतो आणि वाचकाच्या पदरात टाकून मोकळा होतो. पुष्कळांना ही लेखकाची पळवाट वाटते. मला तसे वाटत नाही. याच सेलममध्ये १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी झाली. अमुक बाईची छाया मला छळताना दिसली, एवढी साक्षही कोर्टाने पुरावा म्हणून ऐकून घेतली. त्या न्यायासनावरचा जॉन हॅथॉर्न हा लेखकाचा पूर्वज. कथेत आलेल्या क्लॉइस, कोरी, कॅरियर या बायकांची नावे त्याच खटल्यांतली आहेत. पैकी मार्था कोरी आणि मार्था कॅरियर फासावर गेल्या. म्हणजे ब्राऊनने पाहिले ते खरेच घडले असे जो वाचक ठरवून टाकतो, तो नकळत त्या न्यायाधीशाच्या शेजारी जाऊन बसतो. संदिग्धता इथे अलंकार नाही, ती लेखकाची साक्ष आहे.

ब्राऊन फेथला एकदाही विचारत नाही, तू काल कुठे होतीस? ती धावत सामोरी येते, हा तिच्याकडे करड्या नजरेने पाहून पुढे जातो. पुढे सारा जन्म घरात प्रार्थना सुरू झाली की याच्या कपाळाला आठ्या पडतात. उर्दूत दोन वेगळे शब्द आहेत : शक आणि बदगुमानी. शक सवाल करतो. हजरत इब्राहीम यांनी मेलेल्यांना तू कसा उठवतोस ते दाखव, असे अल्लाहलाच विचारले, दिलाला करार मिळावा म्हणून. कुरआनात त्यावर रागावणे नाही. बदगुमानी सवाल करीत नाही, फैसला करते. तीपासून दूर राहण्याची ताकीद त्याच कुरआनात आहे. ब्राऊनची श्रद्धा शकाने गेली असे समीक्षक म्हणतात. मला ती बदगुमानीने गेलेली दिसते. देवावरची शंका तर त्याची टिकली नाही. टिकली ती शेजाऱ्यांवरची.

मोकाशींचा लोहार नेमका उलटा. त्याचे भांडण थेट विठ्ठलाशी आहे. गावाशी तो अबोल झाला असेल, पण गावातल्या कुणाला त्याने पापी ठरवलेले नाही. म्हणूनच अडलेल्या गायीसाठी बोलावणे येते तेव्हा त्याचे हात कामाला लागतात आणि वासरू सुखरूप बाहेर येते. चित्रपटात गावकऱ्यांच्या तोंडी तत्त्वचर्चा मला जरा जास्त वाटली. गायीच्या प्रसंगाला तिची गरज नव्हती. मुलगा का गेला याचा उलगडा मोकाशी करीत नाहीत. लोहाराला ते आनंद देतात, उत्तर देत नाहीत. ब्राऊनच्या मयतीला फेथ असते, मुले-नातवंडे असतात, शेजारीही पुष्कळ असतात, आणि त्याच्या थडग्यावर उमेदीची एक ओळसुद्धा कोणी कोरत नाही.