तेल नको, पण हिशेब हवा

घर्षण शिकवताना आपण सांगतो की यंत्राला तेल घातले म्हणजे घर्षण कमी होते. आता मात्र तेल न लागणारे प्लॅस्टिकचे बेअरिंग संगणकाला जोडलेल्या यंत्रावर छापता येते. प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर देत वस्तू घडवायची, हीच ही छपाई. जर्मनीतील कोलोन येथील इगुस कंपनीने अशा बेअरिंगसाठी खास तार २०१४ मध्ये आणली. छपाईच्या नेहमीच्या प्लॅस्टिकपेक्षा ती ५० पटींपर्यंत कमी झिजते, असा कंपनीचा दावा आहे. कल्पना चांगलीच आहे. पण हा दावा वर्गात सांगण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न : येथे वंगण खरोखरच नसते का? असते. ते घन कणांच्या रूपात प्लॅस्टिकमध्येच मिसळलेले असते. दांडा फिरू लागला की पृष्ठभाग किंचित झिजतो, नवे कण उघडे पडतात आणि दांड्यावर त्यांचा पातळ लेप बसतो. म्हणजे थोडी झीज हा येथे दोष नव्हे, कामाचाच भाग आहे.

दुसरा : ५० पट, पण कशाच्या तुलनेत? पीएलए किंवा एबीएस ही छपाईची नेहमीची प्लॅस्टिके बेअरिंगसाठी बनवलेलीच नाहीत. खरी तुलना साच्यात घडवलेल्या प्लॅस्टिक बेअरिंगशी किंवा तेल मुरवलेल्या सच्छिद्र ब्राँझच्या बुशशी व्हायला हवी. शिवाय 'पर्यंत' या शब्दाने सर्वांत चांगला निकाल कळतो, सरासरी नव्हे.

तिसरा : उष्णता जाणार कोठे? साध्या पोलादाच्या मानाने प्लॅस्टिकमधून उष्णता शंभरपटींहूनही कमी वाहते. दाब आणि वेग यांचा गुणाकार वाढला की बेअरिंग तापते, मऊ पडते. त्यातच छापलेल्या वस्तूत दोन थरांमधला सांधा कमजोर असतो. म्हणून ती कोणत्या दिशेने छापली, यालाही महत्त्व येते.

फायदेही खरे आहेत. वेगळ्या मापाचे एकदोनच बुश हवे असतील, तर महागडा साचा करावा लागत नाही. खाद्यपदार्थांच्या यंत्रात तेल गळण्याची भीती राहत नाही. धुळीच्या जागी तेलाला कचरा चिकटण्याचा प्रश्न उरत नाही.

मुलांना विचारून पाहावे : असा बुश पिठाच्या गिरणीला चालेल, की टेबलाच्या सरकत्या खणाला? भार, वेग आणि उष्णता यांचा विचार करून ती उत्तर देऊ लागली, तर धडा पोचला असे समजावे.