व्यक्तिरेखेचे मन आणि जीवाश्माचा सांगाडा : ‘एकच प्याला’च्या निमित्ताने मानसशास्त्रीय समीक्षेचा विचार

प्रस्तावना

साहित्यातील व्यक्तिरेखांचा मानसशास्त्रीय अंगाने अभ्यास करण्याची पद्धती मराठी समीक्षेत आता चांगलीच रुळली आहे. वर्गातील टिपणांपासून पीएच.डी.च्या प्रबंधांपर्यंत न्यूनगंड, ईडिपस गंड, दमन, आत्मपीडन या संज्ञा सहज आढळतात. संज्ञा लावली की व्यक्तिरेखा उलगडली, असा समजही त्याबरोबर दृढ होत जातो. व्यक्तिरेखेच्या मनाविषयी केलेल्या विधानाला पुरावा कोणता मानावा, हा मूळ प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत लेखात राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला असून, त्यासाठी पुराजीवशास्त्राचा, विशेषतः काही असाधारण डायनोसॉरांच्या अभ्यासाचा, दाखला घेतला आहे.

हे दोन्ही विषय नरखेड तालुक्यातील अध्यापकाला परके नाहीत. गडकऱ्यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातीलच सावनेर येथे, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी झाले. ‘एकच प्याला’ त्यानंतर रंगभूमीवर आले. नरखेड तालुक्यातील काळी जमीन व संत्र्याच्या बागा बहुतांशी ज्या खडकावर उभ्या आहेत, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. या लाव्हाखालचे लॅमेटा थर जेथे उघडे पडले आहेत, त्यांपैकी अनेक ठिकाणी डायनोसॉरांचे अवशेष मिळाले आहेत. मोर्शीकडील सालबर्डी परिसर, चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव ही त्यांपैकी काही ठिकाणे होत.

समीक्षकाचा पुरावा

सिग्मंड फ्रॉइड यांनी ‘स्वप्नांचा अन्वयार्थ’ या १९०० च्या ग्रंथात ईडिपस व हॅम्लेट यांची चर्चा केली. अर्नेस्ट जोन्स यांनी १९१० च्या निबंधात व पुढे १९४९ च्या पुस्तकात हॅम्लेटचे सविस्तर मनोविश्लेषण मांडले. याच फ्रॉइड यांनी १९३७ मधील एका निबंधात मनोविश्लेषकाची तुलना उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाशी केली. त्यांच्या मते विश्लेषकाची बाजू अधिक भक्कम असते, कारण त्याच्यासमोर जिवंत माणूस असतो. तो नवे काही आठवू शकतो, विश्लेषकाचे अनुमान स्वीकारू किंवा नाकारू शकतो.

साहित्यसमीक्षकाला नेमकी हीच सोय नाही. सुधाकराला नवा प्रश्न विचारता येत नाही. तो जे बोलला ते पाच अंकांत बोलून झाले आहे. म्हणून व्यक्तिरेखेचे मन वाचणारा समीक्षक मनोविश्लेषकापेक्षा जीवाश्म अभ्यासणाऱ्या संशोधकाच्या अधिक जवळचा ठरतो. दोघांच्याही हाती मर्यादित अवशेष असतात आणि दोघांनाही उरलेला भाग अनुमानाने भरावा लागतो. त्यामुळे पुराजीवशास्त्राला ज्या चुका दुरुस्त कराव्या लागल्या, त्या समीक्षेलाही मार्गदर्शक ठरतात.

सर्वांना लागू पडणारे नाव

जबलपूर येथे मिळालेल्या शेपटीच्या दोन मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे जगभर असे अनेक प्राणी सापडले आणि त्या मणक्यांची ‘खास’ वैशिष्ट्ये बहुतेकांत आढळू लागली. २००३ मध्ये विल्सन व अपचर्च या संशोधकांनी हे नाव ग्राह्य धरता येत नाही असे दाखविले. जे लक्षण अनेकांत आढळते, ते एकाची ओळख ठरू शकत नाही.

सुधाकराला लावला जाणारा ‘न्यूनगंड’ हा शब्द याच प्रकारचा आहे. तो सुधाकराला लागू पडतो, तसाच मराठी नाट्यवाङ्मयातील अनेक पराभूत नायकांना लागू पडतो. न्यायालयातील अपमान, काही काळासाठी रद्द झालेली वकिलीची सनद आणि त्यातून उसळलेला अभिमान ही सुधाकराची विशिष्ट कहाणी आहे. गंडाचे नाव घेताच ती कहाणी पुसट होते.

एकाच्या सांगाड्यात दुसऱ्याची हाडे

जबलपूरच्याच अवशेषांवरून मॅटले यांनी १९२० च्या दशकात ‘लॅमेटासॉरस’ या चिलखतधारी डायनोसॉरचे वर्णन केले. कालांतराने असे लक्षात आले की, त्यात मांसभक्षक डायनोसॉरची हाडे आणि वेगळ्याच, बहुधा शाकाहारी, डायनोसॉरचे कवच एकत्र आले होते. प्रत्येक अवशेष खरा होता. त्यांच्यातून उभा केलेला प्राणी मात्र कधी अस्तित्वातच नव्हता.

चरित्रात्मक आणि मानसशास्त्रीय समीक्षेची सरमिसळ होते तेव्हा असाच प्राणी तयार होतो. गडकऱ्यांचे आजारपण, त्यांचे अल्पायुष्य, त्यांच्या वैयक्तिक जीवनातील दुःखे या गोष्टी सुधाकराच्या मनाचा भाग म्हणून मांडल्या जातात. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळातील विनोदी युक्तिवादही कधी सुधाकराच्या मानसिकतेचे स्पष्टीकरण म्हणून येतात. नाटककाराचे दुःख खरे असते, तळीरामाचा युक्तिवादही नाटकातलाच असतो. पण ती सुधाकराची हाडे नव्हेत.

न सापडलेली कवटी

गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात ज्युरासिक काळातील एका प्रचंड डायनोसॉरची सुमारे ३०० हाडे मिळाली. ती किमान सहा प्राण्यांची होती. उत्खननाचा आरंभ रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास झाला, म्हणून १९७५ मध्ये त्याचे नामकरण ‘बारापासॉरस टागोराय’ असे झाले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याचा सांगाडा उभा आहे. परंतु काही दात वगळता या प्राण्याची कवटी मिळालेली नाही. सांगाडा उभा करायचा तर डोके बसवावे लागते. मात्र ते अनुमानाचे आहे हे जाणकार विसरत नाहीत.

‘एकच प्याला’मध्ये सुधाकराच्या बालपणाचा एकही प्रवेश नाही. नाटक सुरू होते तेव्हा तो विवाहित आणि हुशार वकील आहे. त्याच्या व्यसनाचे मूळ बालपणातील एखाद्या दमित इच्छेत शोधणे म्हणजे नसलेली कवटी घडविणे होय. एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये लेडी मॅक्बेथच्या मुलांची संख्या विचारणारे शीर्षक देऊन अशा समीक्षेचा उपहास केला होता. नाइट्स यांची भूमिका टोकाची मानली, तरी एवढी अपेक्षा रास्त आहे की, समीक्षकाने पुरावा कोठे संपतो आणि अनुमान कोठे सुरू होते, ते स्पष्ट सांगावे.

सिंधूवरील आळ

१९२३ मध्ये मंगोलियात अंड्यांच्या घरट्याजवळ एका डायनोसॉरचे अवशेष मिळाले. ती अंडी दुसऱ्या प्राण्याची समजली गेली आणि १९२४ मध्ये ऑस्बर्न यांनी त्याला ‘ओव्हिरॅप्टर’ म्हणजे अंडीचोर असे नाव दिले. हे नाव प्राण्याच्या स्वभावाविषयी दिशाभूल करणारे ठरू शकेल, असा इशाराही त्यांनीच दिला होता. १९९३ मध्ये त्याच प्रकारच्या अंड्यात याच कुळातील भ्रूण सापडला. चोर समजला गेलेला प्राणी बहुधा स्वतःच्याच अंड्यांजवळ होता. नामकरणाच्या नियमांमुळे नाव मात्र कायम राहिले.

दुःखाशेजारी आढळलेल्या सिंधूवर आत्मपीडनाचा ठपका ठेवला जातो, तोही याच तर्काने. श्रीमंत माहेर असूनही ती दळण दळून संसार चालविते आणि मरणाच्या दारातही पतीवर आळ येऊ देत नाही. यावरून तिला दुःखात सुख वाटते, असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. ते घर तिचे आहे, ते मूल तिचे आहे. हिंदू स्त्रीला देशव्यापी कायद्याने घटस्फोटाचा हक्क मिळाला तो १९५५ मध्ये. तिच्या सहनशीलतेचे नाटककाराने उदात्तीकरण केले काय, हा प्रश्न अवश्य विचारावा. परंतु तो गडकऱ्यांच्या दृष्टीविषयीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सिंधूच्या मनातील विकृती म्हणून देता येत नाही.

विसंगत, तरीही एकसंध

तर मग मानसशास्त्रीय समीक्षा करूच नये काय? डोंगरगावचा डायनोसॉर याचे वेगळे उत्तर देतो. जैन व बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये वर्णन केलेला आणि २००३ पासून ‘इसिसॉरस’ या नावाने ओळखला जाणारा हा प्राणी त्याच्या कुळात विचित्र वाटतो. मान आखूड आणि पुढचे पाय लांब. दोन प्राण्यांची सरमिसळ झाली असावी, अशी शंका कोणालाही यावी. परंतु त्याचे अवशेष एकाच प्राण्याचे असून त्यांतील अनेक हाडे परस्परांशी जुळलेल्या स्थितीत मिळाली. त्यामुळे तो जसा आहे तसाच स्वीकारावा लागतो.

सुधाकराविषयीचा जुना आक्षेप असा की, एवढा बुद्धिमान व मानी पुरुष एका अपमानाने व्यसनाधीन होणे असंभवनीय आहे. अभिमान आणि दुबळेपणा यांची ही जोडी खरोखरच विसंगत दिसते. पण गडकऱ्यांनी त्यांमधील सांधे संहितेतच दिले आहेत. अपमानातून पहिला प्याला येतो, पश्चात्तापातून व्यसनत्यागाची शपथ येते, नोकरीच्या शोधात जुन्या परिचितांकडून पुन्हा अवहेलना होते आणि पुन्हा प्याला हाती येतो. जो अभिमान त्याला शपथ घ्यायला लावतो, तोच ती मोडायलाही लावतो. व्यसन सुटत का नाही, याचे विवेचन सुधाकर स्वतः रामलालजवळ करतो. रामलालच्या मनातील शरदविषयीचा मोहही गडकऱ्यांनी पुसट न ठेवता त्याच्याच तोंडून उघड केला आहे. येथे समीक्षकाने सांधे कल्पायचे नाहीत, केवळ दाखवून द्यायचे आहेत.

समारोप

वरील विवेचनातून तीन निकष हाती येतात. संज्ञा व्यक्तिरेखेचे वेगळेपण दाखविणारी असावी. पुरावा त्याच व्यक्तिरेखेचा असावा. अनुमान अनुमान म्हणूनच मांडले जावे. हे निकष पाळले तर व्यक्तिरेखा विसंगत वाटली तरी तिला सामान्य साच्यात बसविण्याची गरज उरत नाही.

याचे महत्त्व वर्गाबाहेरही आहे. सुधाकर व सिंधू यांच्यासारखी माणसे आजही गावोगावी आहेत. व्यसनी पुरुषाला एका शब्दात निकालात काढणारा आणि सोसणाऱ्या स्त्रीलाच तिच्या दुःखाची आवड आहे असे म्हणणारा समाज तीच घाई करतो. ‘एकच प्याला’ शिकविताना विद्यार्थ्याला पुराव्यापाशी थांबण्याची सवय लागली, तर ती त्याला माणसे वाचतानाही उपयोगी पडेल.