निर्यातीची भांडी आणि अजिंठ्याची नक्षी

निर्यातीसाठी घडविलेल्या कलावस्तूंविषयी आपल्या समीक्षेत एक पूर्वग्रह आढळतो. ग्राहकाच्या रुचीप्रमाणे वस्तू बदलली की तिची 'शुद्धता' लोपली, असे मानले जाते. भाषेच्या अभ्यासकास हा निकष मान्य होण्यासारखा नाही. चावी, बादली, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. परंतु 'चावीने', 'बादलीत' असे म्हणताना ते मराठीच्याच प्रत्ययांनी चालतात. शब्द कोठून आला यापेक्षा तो कोणाच्या व्याकरणाने चालतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

हाच प्रश्न भांड्यांना विचारून पाहावा. १६४४ मध्ये मिंग सत्ता कोसळली आणि चीनमधील चिनीमातीच्या भांड्यांचा पुरवठा विस्कळीत झाला. तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनी जपानमधील आरिता येथील भट्ट्यांकडे वळली. १६५९ मध्ये तिने मोठी मागणी नोंदविली. युरोपीय पात्रांचे लाकडी नमुने कारागिरांना पुरविण्यात आले. आकार परका खरा. परंतु निळ्या, तांबड्या व सोनेरी रंगांची मांडणी आरिताच्या कारागिरांनी इतकी आपलीशी केली की अठराव्या शतकाच्या आरंभी चिनी भट्ट्याच तिचे अनुकरण करू लागल्या. नाव मात्र रूढ झाले ते 'इमारी', म्हणजे माल जेथून बाहेर पडे त्या बंदराचे.

मुंबईचे उदाहरण याहून निराळे आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७० नंतरच्या दशकात कुंभारकामास उत्तेजन दिले. झिलईचे तंत्र सिंधचे, तर नक्षी पुष्कळदा अजिंठ्याची. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स तेथील चित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेत होते. ही भांडी प्रामुख्याने युरोपीय ग्राहकांस रुचली.

येथे तारतम्य हवे. अजिंठ्याच्या छतांवरील कमळे, फळे, हंस ही मुळातच चौकटीतली नक्षी आहे. ती भांड्याच्या वाटोळ्या पृष्ठावर सहज नांदते. परंतु जातककथेतील मानवाकृती कथेपासून तोडून पट्ट्यात बसविली की तिचे वाक्य हरपते आणि सुटा शब्द तेवढा उरतो. दोष परकीय ग्राहकाचा नव्हे, निवडीचा आहे. आणि ती निवड चाकावर बसणाऱ्या कुंभाराच्या हाती क्वचितच होती. आरिता आणि मुंबई यांतील खरा भेद हाच.

अजिंठ्याच्याच डोंगररांगेवर वसलेल्या चिखलीत हा विषय दूरचा वाटू नये. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही भांडी पाहताना विद्यार्थ्याने 'हे भारतीय आहे काय?' असे न विचारता 'येथे व्याकरण कोणाचे?' असे विचारावे.