‘अर्धसत्य’ : भूमिकांची वांटणी

गोविंद निहलानी यांच्या १९८३ सालच्या ‘अर्धसत्य’ चित्रपटांत ओम पुरी यांनीं वठविलेल्या वेलणकर फौजदाराची वाखाणणी झाली, ती यथार्थच होय. परंतु आमच्या मतें दिग्दर्शकाची खरी मार्मिकता इतर दोन भूमिकांच्या वांटणींत आहे. ज्यांचा घनगंभीर आवाज ऐकतांच खलनायक आठवावा, ते अमरीश पुरी येथें बायकोस मारणारे, मुलाला पोलिसांत ढकलणारे बाप झाले; आणि रामा शेट्टी हा गुंड ‘हँड्स अप’ या मराठी नाटकानें गाजलेल्या सदाशिव अमरापूरकरांकडे गेला. (स्मिता पाटील यांच्या वांट्यास मात्र फारच थोडें आलें.) अमरापूरकरांचा शेट्टी दरडावीत नाहीं, व्यवहार बोलतो, म्हणूनच त्याची धास्ती वाटते. शेवटीं वेलणकर त्याचा गळा आवळतो, तेव्हां त्या हातांत बापाचाहि हिंस्रपणा उतरलेला दिसतो.