‘फवाइदुल फुआद’मधील अन्नविचार

दिल्लीचे शेख निजामुद्दीन औलिया यांची संभाषणे अमीर हसन सिज्झी यांनी १३०८ ते १३२२ या काळात फारसीत टिपून ठेवली. तोच ‘फवाइदुल फुआद’ हा ग्रंथ होय. ग्रंथकाराची कबर खुलदाबादेस असल्याने मराठवाड्यातील अभ्यासकास तो परका वाटू नये. या ग्रंथातील अन्नविचार बहुधा उपवास व देहदंड या सदराखाली आटोपला जातो. ग्रंथाचा आशय मात्र त्याहून व्यापक आहे.

इस्लामी नीतिविचारात अन्नाचा प्रश्न दुहेरी आहे. अल-गझाली (मृत्यू ११११) यांच्या ‘इह्या’तील चाळीस प्रकरणांपैकी अकरावे भोजनाच्या शिष्टाचाराचे, तर तेविसावे उदर व काम या दोन वासनांच्या दमनाचे आहे. पहिल्यात पंक्ती आहे, दुसऱ्यात एकांत. साधकाची भूक आणि पाहुण्याचे ताट हे विषय तेथे दूरदूर पडतात.

‘फवाइद’मध्ये ते एकत्र येतात. निजामुद्दीन स्वतः अल्पाहारी व उपवासी होते. त्यांच्या खानकाहात मात्र येणाऱ्यास अन्न मिळे. प्रथम अभिवादन, मग अन्न आणि त्यानंतर बोलणे, असा क्रम ते सांगतात. उपदेशाला येथे अन्नानंतरचे स्थान आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. पाहुण्यावाचून न जेवणाऱ्या इब्राहीम पैगंबरांनी एका मूर्तिपूजकास अन्न देण्यास अनमान केला, तेव्हा त्यांना ईश्वराचा ठपका सोसावा लागला. ज्याला ईश्वराने प्राण दिले, त्याला भाकरी नाकारणारा मनुष्य कोण, हा त्या कथेचा भावार्थ. याच जातीची कथा सादीच्या ‘बोस्तान’मध्ये (१२५७) विस्ताराने व अलंकृत रूपात येते, ‘फवाइद’मध्ये ती मोजक्या वाक्यांत आटोपते. या संक्षेपामुळेच तिच्यातील ठपका अधिक बोचतो.

अन्न कोठून आले, हा प्रश्न उरतोच. निजामुद्दीनांचे गुरू बाबा फरीद यांच्याविषयी चिश्ती परंपरेत एक कथा आहे. शिष्याने उधारीचे मीठ घातलेले अन्न त्यांनी दूर सारले. हराम-हलालच्या नियमांत ते अन्न निषिद्ध नव्हते; तरीही उधारीमागे दडलेली जिभेची ओढ त्यांना मान्य झाली नाही. घेताना इतका कडक हिशेब आणि देताना मुळीच हिशेब नाही, हे या विचाराचे मर्म होय.

बाबा फरीदांच्या नावे असलेली वचने गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. ‘लंगर’ हा फारसी शब्द खानकाहात रूढ होता, तोच नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात नित्य ऐकू येतो. त्यामुळे विष्णुपुरीच्या वाचकास या विचाराची खूण दूर शोधावी लागत नाही.

मशिदींत व दुकानांच्या ओट्यांवर किती उपाशी जीव निजले असतील, या आठवणीने निजामुद्दीनांना सेहरीचा घास गिळवत नसे, असे चरित्रग्रंथात नमूद आहे. उपवास हा केवळ आत्मनिग्रह मानला, तर या प्रसंगाचा अर्थ लागत नाही. परक्याची भूक ओळखण्याचे ते साधन मानले, म्हणजे ग्रंथातील उपवास व अन्नदान यांचा सांधा जुळतो.